मोठे छर्रे

रिकाम्या काडतुसाच्या तोंडात आधी डोकावून बघायचं, हे मला एका निवृत्त दंतवैद्यांनी शिकवलं. प्लॅस्टिकच्या नळीचं तोंड चिरलं असेल, कडा जळून ठिसूळ झाली असेल, तर ते काडतूस पुन्हा भरायचं नाही, बाजूला टाकायचं. "दाताचंही असंच," ते म्हणायचे. "आधी बघ. हात नंतर लाव."

नेदरलँड्समधल्या, विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्प गावात आमच्या घरापासून सायकलने थोड्या अंतरावर ते राहायचे. बायको वारलेली, मुलगा परदेशात, सोबतीला एक तपकिरी कुत्री. त्यांच्या गॅरेजमध्ये एका भिंतीपाशी दवाखान्यातली जुनी खुर्ची होती, पेशंटला आडवं करायची ती, आणि समोरच्या भिंतीपाशी काडतुसं भरायचं यंत्र. मी आले की कुत्री खुर्चीवर चढून बसायची आणि आमच्याकडे बघत राहायची.

मी तिथे कशी पोचले ते सांगायला हवं. कारण सांगलीकडच्या जैन घरात वाढलेल्या, पाणी गाळून पिणाऱ्या आईच्या मुलीने तिथे पोचायचं काही कारण नव्हतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी नेदरलँड्सला आले. पहिली काही वर्षं व्हिसावर 'डिपेंडंट' होते आणि घरातही तशीच. मग डच शिकले आणि विमानतळावरच्या एका कार्गो ऑफिसात लागले. फुलं आणि औषधं यांची कागदपत्रं बघायचं काम. त्या ऑफिसची एकदा टीम आउटिंग होती. शेतांच्या मधल्या एका मैदानावर आम्हाला नेलं, कानांवर जाड आवरणं चढवली आणि छर्ऱ्यांची बंदूक कशी धरायची ते दाखवलं. समोरून मातीची नारिंगी ताटली सूं करून हवेत जाते, ती फोडायची. आयुष्यात मी कुठलाही खेळ धड खेळले नव्हते. शाळेत खो-खोला मला कायम राखीव बसवायचे. पहिली ताटली चुकली. दुसरीची हवेतल्या हवेत नारिंगी धूळ झाली आणि मागे उभं असलेलं अख्खं ऑफिस ओरडलं. मी घरी आले तरी माझा खांदा दुखत होता आणि मी हसत होते.

त्या क्लबची मी मेंबर झाले. नवऱ्याने "कर बाई, काहीतरी तुझं तू," असं म्हटलं. तिथेच दंतवैद्य भेटले. लोक बार उडवून झाल्यावर निघून जायचे. ते मात्र वाकून रिकामी काडतुसं गोळा करत बसायचे. मीही गोळा करायला लागले, आधी नुसतं म्हातारा माणूस वाकतोय म्हणून, आणि मग कुतूहलाने. "ये एकदा गॅरेजमध्ये," ते म्हणाले. डच लोकांत पहिल्या भेटीपासून 'तू' चालतं. ते मला तू म्हणायचे. मला मात्र शेवटपर्यंत ते जमलं नाही, मी तुम्हीच म्हणत राहिले.

काडतूस भरण्याचं काम मला आवडलं, हे मी लपवणार नाही. बुडातली, ठिणगी पाडणारी वापरलेली पितळी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची. मग दारू. ती ते स्वतःच मोजून घालायचे, कारण परवाना त्यांचा होता आणि माझा अजून व्हायचा होता. "याला मी कुणाला हात लावू देत नाही," ते म्हणायचे आणि त्या वेळी गॅरेजमध्ये कुणी बोलायचं नाही. दारूवर प्लॅस्टिकचा छोटा पेला दाबायचा, त्यात पोलादी छर्रे ओतायचे. शिशाचे छर्रे इथे बंद आहेत. शेवटी नळीचं तोंड मिटायचं. यंत्राचा दांडा खाली ओढला की तोंडाला चुण्या पडून ते मध्ये मिटतं, मोदकाच्या पाकळ्या गोळा करतात तसं. पहिल्या दिवशी माझी सगळी तोंडं वाकडी झाली. "हा पेशंट माझ्याकडे परत येईल," दंतवैद्य म्हणाले. महिन्याभरात माझ्या चुण्या त्यांच्यापेक्षा सुबक पडायला लागल्या आणि दर बुधवारी संध्याकाळी आमचं हे ठरूनच गेलं.

त्या ऑक्टोबरात आई आली. तीन महिन्यांच्या व्हिसावर, बॅगेत गाळणीची कापडं, मेतकूट आणि घरची हळद घेऊन. माझे वडील, आण्णा, गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच प्रवास. मला तिला कुठे ठेवू, कुठे नको असं झालं होतं. दुपारी मी चारच्या आत घरी पोचायचे, कारण इथे हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो आणि तिचं जेवण त्याच्या आधी व्हायला हवं. माझी लेक तिच्याशी डचमध्ये बोलायची, ती लेकीशी मराठीत, आणि दोघींचं चांगलं जमायचं.

रोज सकाळी ती कालव्याकाठी फिरायला जायची. तिथे गवतावर मोठे राखाडी पक्षी थव्याने चरत असतात. बदकाहून थोराड, लांब मानेचे, इंग्रजीत 'गूज' म्हणतात ते. इथल्या लोकांना ते नकोसे झालेत, शेत खातात म्हणून आणि विमानाच्या इंजिनात गेले तर घात होतो म्हणूनही. आई त्यांना हंस म्हणायची. "तुमच्याकडं हंस किती गं! आणि कुणी भीत नाही त्यांना," असं म्हणून येताना-जाताना त्यांच्याशी दोन शब्द बोलायची.

बंदुकीचं तिला सांगायचं मी रोज उद्यावर टाकत होते. एका शनिवारी मी निघाले तेव्हा तिने विचारलं, "कुठं गं?"

"क्लबला."

"कसला क्लब?"

"खेळाचा. मातीच्या ताटल्या उडवतात, त्या फोडायच्या."

"कशानं?"

"नेम धरून."

ती जरा विचारात पडली. "म्हणजे लगोरीसारखं?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं आणि बूट घालायला खाली वाकले, तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून.

मग एकदा मी जेवताना नवऱ्याला सांगत होते की आज त्यांनी मला दारू मोजताना जवळ उभं राहू दिलं. आईचा हात ताटावरच थांबला. "कुणाकडं दारू पिऊन येतेस काय?" नवऱ्याला हसू फुटलं आणि त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला. मी म्हटलं, "अगं, फटाक्यांची दारू. इथे नवीन वर्षाला फटाके उडवतात ना." तिचा जीव भांड्यात पडला. "त्यानंही किडामुंगी मरते," एवढं बोलून ती जेवायला लागली. नवरा रात्री मला म्हणाला, "सांगून टाक ना. ताटल्याच तर फोडतेस." तेव्हा खरोखरच सांगण्यासारखं होतं. ताटल्याच फोडत होते.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी दंतवैद्यांनी छर्ऱ्यांची दुसरी बाटली काढली. मी नेहमीसारखे थोडे तळहातावर घेतले. नेहमीचे मोहरीएवढे असायचे. हे मिऱ्यांएवढे होते. मी ते तळहातावर फिरवले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मातीची ताटली फोडायला मोठे छर्रे लागत नाहीत, हे मला एव्हाना माहीत होतं. ते शिकारीला जातात, शेतकऱ्यांची आणि प्रांत सरकारची परवानगी त्यांच्याकडे आहे, हेही माहीत होतं. मी विचारलं असतं तर त्यांनी सरळ सांगितलं असतं. मी विचारलं नाही. पेले दाबले, छर्रे ओतले, दांडा ओढला. त्या दिवशीच्या चुण्या फार सुरेख पडल्या होत्या आणि ते म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगलं केलंस." मला बरं वाटलं.

निघताना ते म्हणाले, "शनिवारी पहाटे शेतावर ये. नुसतं बघायला. यायलाच पाहिजे असं नाही."

मी गेले. का गेले याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलंय. एक तर कुणी मला बोलवलं होतं. इतक्या वर्षांत या देशात मला कुणी अशा ठिकाणी बोलवलं नव्हतं, जिथे ते फक्त आपल्या माणसांना नेतात. नवरा कामासाठी जर्मनीला गेला होता, लेक झोपलेली, आई देवाचं म्हणत बसलेली. "क्लबला जाते, आज लवकर आहे," असं सांगून मी सायकल काढली.

गव्हाचं कोवळं हिरवं शेत, त्यावर धुकं, आणि पलीकडे धावपट्टीचे दिवे. विमानं डोक्यावरून इतकी खाली येत होती की चाकं दिसायची. दंतवैद्य मला म्हणाले, "तुझी आई यांतल्याच एकातून आली ना? ती नीट उतरली पाहिजे." त्यांना यात चेष्टा करायची नव्हती, ते मला समजावत होते. मी मान डोलावली. खरंच होतं ते. रोज शेकडो माणसं त्या आभाळातून खाली येतात, मी स्वतः त्यांच्या सामानाची कागदं बघते.

थवा आला तेव्हा आधी आवाज आला. आम्ही बांधाआड बसलो होतो, मी त्यांच्या मागे. त्यांनी उठून दोन बार काढले. एक पक्षी दगडासारखा खाली पडला. दुसरा तिरका झाला, एक पंख लोंबकळला आणि तो तसाच खाली खाली येत रुंद नाल्याच्या पलीकडे, कुंपणाच्या मागे गेला. थवा वर निघून गेला. एक पक्षी मात्र मागे फिरला आणि नाल्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागला.

दंतवैद्यांनी स्वतःलाच एक शिवी हासडली. "हे बरोबर नाही झालं. असं व्हायला नको." कुत्री नाल्यापर्यंत गेली, पलीकडे तिला जाता येईना. आम्ही बराच वेळ पुलाकडून फिरून शोधलं. लव्हाळ्यात काही दिसलं नाही. "संध्याकाळी हिला घेऊन पुन्हा येईन," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. मी सवयीने दोन्ही रिकामी काडतुसं उचलली होती, ती खिशात अजून कोमट होती. एकदा बार झाला की तोंडाच्या चुण्या उलगडून जातात. मग ते कुणी मिटलं होतं, त्यांनी की मी, हे सांगता येत नाही. मी सायकलवर बसल्या बसल्या तेवढंच डोक्यात घोळवत होते. जणू ते कळलं असतं तर काही फरक पडला असता.

घरी आई थालीपीठ लावत होती. मी खुर्चीवर बसले आणि उठले. परत बसले. घास तोंडात फिरायला लागला. शेवटी मी गाडीची किल्ली घेतली.

"आता कुठं?"

"एक पक्षी जखमी पडलाय, आई. शेताकडे. बघून येते."

एवढंच सांगितलं. ती गॅस बंद करून उभी राहिली. "थांब, मी येते." नऊवारीवर माझं जाकीट, त्यावर शाल, पायात लेकीचे बूट. मला तिला नको म्हणता आलं नाही.

तो सापडला तो त्याच्या जोडीदारामुळे. नाल्याच्या काठाला एक पक्षी मान ताणून उभा होता आणि आम्ही जवळ गेलो तरी उडत नव्हता. त्याच्या मागे लव्हाळ्यात दुसरा बसला होता. पंख चिखलात पसरलेला. मी पुढे झाले तर तो फुत्कारला आणि मी मागे सरले. आई मात्र सरळ गेली. शाल त्याच्यावर टाकून तिने त्याला कवेत घेतलं. त्याने तिच्या मनगटाला चोच मारली, रक्त आलं, तरी तिने सोडलं नाही. चिखलात बसून ती त्याच्या कानाशी णमोकार म्हणायला लागली. जोडीदार दहा पावलांवर ओरडत होता.

इथे प्राण्यांसाठी ॲम्ब्युलन्स असते. मी फोन केला, ती आली. गाडीतून उतरलेल्या बाईने पक्ष्याला हलकेच पेटीत ठेवलं आणि मला डचमध्ये विचारलं, "कशाने झालं माहीत आहे?"

"छर्रे लागले असावेत," मी म्हटलं. असावेत!

"हं. होतं इथे असं." ती आईच्या मनगटाला पट्टी बांधायला लागली.

"काय विचारलं गं तिनं?" आईने मला विचारलं.

"कुठे सापडला ते."

परतताना गाडीत आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो बंदुकीचाच खांदा होता. "आण्णांच्या वळणावर गेलीस बघ. त्यांनाही मुक्या जिवाचं असंच व्हायचं. इथं येऊन माणसं बदलतात म्हणतात. माझी लेक नाही बदलली." रस्त्यावर सिग्नल लागला होता. तो हिरवा झाला तरी मी गाडी हलवली नाही, मागच्याने हॉर्न दिला.

दुपारी तिने सांगलीला मावशीला फोन केला. मग भावाला. मग मंदिरातल्या दोन बायकांना. प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं. "सकाळपासून तिला चैन नव्हती, घास गेला नाही तिला. भावना असावी लागते हो आतून." मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ऐकत होते.

संध्याकाळी पक्ष्याला नेलं होतं त्या उपचार केंद्रातून फोन आला. पंखाचं हाड चुरलं होतं, पोटातही छर्रे होते. त्याला झोपवावं लागलं. इंजेक्शन देऊन मारण्याला इथे झोपवणं म्हणतात. मी आभार मानून फोन ठेवला. वळले तर दारात लेक उभी होती. फोन स्पीकरवर होता, तिने सगळं ऐकलं होतं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला, "दवाखान्याचा होता काय फोन? कसा आहे हंस?"

"बरा आहे," मी म्हटलं.

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग डचमध्ये हळूच म्हणाली, "आई, तू खोटं बोलतेयस."

"आजीला त्रास होईल म्हणून," मी सांगितलं. ती वळून तिच्या खोलीत गेली.

त्या एका 'बरा आहे'चे पुढे किती झाले! आई रोज विचारायची आणि मी रोज त्याला थोडा थोडा बरा करत गेले. आज खाल्लं म्हणे. आज उभा राहिला म्हणे. आई सकाळी माळ घेऊन बसली की शेवटी त्याच्यासाठी वेगळं म्हणायची. मी ऑफिसला जाताना तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघायचे आणि दार आवाज न करता ओढून घ्यायचे. बुधवारी गॅरेजला जाणंही मी बंद केलं. दंतवैद्यांना 'आई आलीये, वेळ होत नाही' असा मेसेज टाकला. म्हणजे तिथेही खोटंच.

तिच्या परतीच्या आठवड्यात आई म्हणाली, "जायच्या आधी एकदा त्याला बघून येऊ. थोडे गहू भिजवून ठेवलेत." सिंकच्या बाजूला वाटीत गहू खरंच भिजत होते.

दुपारची वेळ होती. लेक शाळेत होती. मी आईसमोर बसले आणि सांगितलं. "आई, तो गेला."

"कधी?"

"त्याच दिवशी संध्याकाळी."

ती उठून गव्हाची वाटी झाकून आली. मग म्हणाली, "मग मी एवढे दिवस कुणासाठी म्हणत होते?"

तिने मला मारलं असतं तरी चाललं असतं. आता सुरू केलंच होतं, म्हणून मी बाकीचंही सांगितलं. लगोरी नव्हे, बंदूक. फटाक्यांची दारू नव्हे, काडतुसांची. तळहातावरचे छर्रे. पहाटेचं शेत. हे सगळं सांगताना मी 'ते परवानगीने मारतात', 'विमानाला धोका असतो' हेही सांगत होते आणि माझं मलाच ते ऐकवत नव्हतं. ते खोटं नव्हतं. पण मी शेतावर काही विमानं वाचवायला गेले नव्हते.

"बार तू काढलास?"

"नाही. मी काडतुसं भरत होते. त्यातलं माझं होतं की त्यांचं, ते कळत नाही."

"लहानपणी पाठशाळेत काय शिकलीस?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "कृत, कारित, अनुमोदन. करणं, करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं. तिन्ही सारखंच."

"आठवतंय."

"मग माझं-त्यांचं काय करतेस?"

दुसऱ्या दिवशी तिने उपवास केला. मीही जेवणार नाही म्हटल्यावर तिने मला ताट वाढून दिलं. "तू जेव. तुझ्यासाठी नाही करत मी. मी गावभर सांगितलं ना माझी लेक कशी आहे ते, त्यासाठी करते." मी जेवले. ती समोर बसून पालक निवडत होती. मी म्हटलं, "मावशीला मी फोन करू? खरं सांगते." तिने मान हलवली. "नको. तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

आयुष्यात आईला खोटं बोलताना मी पाहिलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला आणि स्पीकरवर तिने विचारलं, "मग काय, हंस उडाला की नाही?" आईने माझ्याकडे बघितलं. "उडाला," ती म्हणाली. मग फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. पक्ष्याचं मला जेवढं लागलं त्याहून जास्त हे लागलं. त्या एका शब्दाचं पाप तिने माझ्यामुळे घेतलं होतं.

आई गेल्यावर मी दंतवैद्यांकडे गेले. कुत्री खुर्चीवरून उडी मारून आली. मी त्यांना सांगितलं की तो पक्षी त्याच दिवशी मला सापडला होता आणि केंद्रात त्याला झोपवलं. ते यंत्राशेजारच्या स्टुलावर बसले.

"मी त्या संध्याकाळी हिला घेऊन अंधार पडेपर्यंत शोधलं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशीही. नंतर शेतावर गेलोच नाही. एवढी वर्षं झाली, पण अर्धवट मारून सोडलेला मला सहन होत नाही." मग थांबून म्हणाले, "मला एक फोन करायचा होतास."

खरं होतं. त्यांच्याबद्दल मी विचारच केला नव्हता. माझ्या मनात ते मारणारे होते आणि मारणाऱ्याला झोप लागत असणार, असं मी धरून चालले होते.

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, छर्रे कशासाठी आहेत ते," मी म्हटलं.

"तू ते हातात फिरवून बघितलेस. मला वाटलं, नको असेल तर ही बोलेल. तू बोलली नाहीस."

"नाही बोलले."

त्यांनी कॉफी केली. ती पिऊन मी कप विसळून ठेवले. निघताना मी त्यांना सांगितलं की यापुढे मी फक्त लहान छर्रे भरीन. ते म्हणाले, "बरं." त्यांना वाईट वाटलं का, मला सांगता येत नाही. बुधवार पुन्हा सुरू झाले, पण पूर्वीसारखे हसत-बोलत नाही.

पुढे मला माझा परवाना मिळाला. पोलीस घरी येऊन तिजोरी नीट बसवली आहे का ते बघून गेले. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "घरी भरायचं कशासाठी? विकत मिळतात की." मी म्हटलं, "हाताला काम आवडतं." आता मागच्या शेडमध्ये माझं स्वतःचं यंत्र आहे. मी सोडलं नाही. हे लिहिताना मला ते सगळ्यात जड जातंय. सोडलं असतं तर गोष्ट नीट संपली असती आणि आईलाही कुणाला तरी सांगता आलं असतं. पण शनिवारी ताटली फुटते तेव्हा मला अजूनही तितकाच आनंद होतो आणि त्या आनंदाबरोबरच चिखलात पसरलेला तो पंखही डोळ्यांसमोर येतो. दोन्ही एकदम होतं. एक काढून दुसरं ठेवता येत नाही.

मागच्या आठवड्यात मी शेडमध्ये असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन फळीला टेकवून ठेवला. यंत्र तिला दिसत होतं. मी ते झाकलं नाही.

"काय करायलीस?"

"काडतुसं भरतेय, आई."

तिने चष्मा नीट केला आणि बराच वेळ बघितलं. "ते लहानच आहेत ना?"

मी थोडे तळहातावर घेऊन कॅमेऱ्यासमोर धरले. तिला त्यातलं काय कळलं असेल कुणास ठाऊक. "असू दे," ती म्हणाली. मग भावाच्या घराच्या रंगाचं, मावशीच्या गुडघ्याचं बोलत राहिली. मी एकीकडे दांडा ओढत होते. फोन ठेवताना म्हणाली, "हात स्वच्छ धू. मग स्वयंपाकाला लाग."

मी हात धुतले. साबणाने, दोनदा. मग डाळ टाकली.